वेगळ्या चुलीचा हिशेब

मैत्रिणींनो, एकत्र कुटुंबातून बाहेर पडून वेगळं बिऱ्हाड केलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणी असतील. वेगळं होण्याची कारणं मोठी असतात. आपला पैसा आपल्या हाती राहावा, घरात कोणी यावं-जावं ते आपण ठरवावं, ऊठसूट दुसऱ्याला विचारायला लागू नये. ही कारणं खोटी नसतात. पण नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी प्रश्न पडतो तो गाळणीचा, पाटा-वरवंट्याचा आणि दुधाच्या रतिबाचा. आजवर जे न सांगता होत होतं, त्याची आता व्यवस्था लावावी लागते.

देशांचंही असंच होतं. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, त्याला 'ब्रेक्झिट' असं नाव पडलं. शाळेत नववीच्या मुली मला विचारतात, "बाई, ब्रेक्झिटमुळे नेमकं झालं काय?" वर्तमानपत्रांत त्याची उत्तरं मंत्र्यांच्या आणि बाजारपेठांच्या भाषेत येतात. मला वाटतं, खरं उत्तर स्वयंपाकघरात, पोस्टाच्या खिडकीवर आणि विमानतळाच्या रांगेत सापडतं. तिथूनच पाहू या.

आधी थोडं मागचं

ब्रिटन १९७३ च्या १ जानेवारीला या युरोपीय कुटुंबात शिरला. त्याचा अर्थ काय, हे आपल्याला जकात नाक्यावरून चटकन कळेल. २०१७ साली जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर मालमोटारींच्या रांगा लागत, आठवतं ना? युरोपातल्या देशांनी आपसातले असले नाके काढून टाकले. माल सगळीकडे फिरावा, माणसांनी कुठेही जाऊन नोकरी करावी. मात्र नियम सगळ्यांना एकच, आणि तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला.

याची दुसरी बाजू आपल्या कोकणाने २०१४ साली चांगलीच अनुभवली. भारतातून आलेल्या काही मालात फळमाशी सापडली म्हणून संघाने १ मेपासून आपला आंबा बंद केला. त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही! ऐन हंगामात लंडन-लीसेस्टरच्या दुकानांतून हापूस नाहीसा झाला. ब्रिटनमधल्या पुष्कळांना ही बंदी मान्य नव्हती, पण एकट्याने ती उठवणं त्यांच्या हाती नव्हतं. आंब्यावरची बंदी उठायला २०१५ चा जानेवारी उजाडला. 'आमच्या घरातला निर्णय ब्रसेल्सला का व्हावा?' असं तिथले लोक का म्हणत होते, ते यावरून समजतं.

२३ जून २०१६ ला तिथे मतदान झालं. बाहेर पडावं म्हणणारे ५१.९ टक्के, राहावं म्हणणारे ४८.१ टक्के. घर जवळजवळ मधोमध दुभंगलं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला राहायचं होतं, इंग्लंड आणि वेल्सला निघायचं होतं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून नवे नियम रोजच्या व्यवहाराला लागू झाले.

बाजाराची पिशवी

पहिला फटका बसला तो मात्र निकालाच्या रात्रीच. पौंड इतका घसरला की १९८५ नंतर एवढा खाली कधी गेला नव्हता. रुपया उतरला की आपल्याकडे तेलाचा डबा महागतो, तसंच तिथेही बाहेरून येणारं सगळं महागलं. आणि इकडे आईवडिलांना जे पौंड येत, त्यांचे रुपयेही कमी झाले.

पुढे करार झाला. एकमेकांच्या देशात तयार झालेल्या मालावर आयातकर नाही असं ठरलं. ऐकायला छानच! पण कर गेला तरी कागद आले. मांस, दूध, चीज युरोपात पाठवायचं तर पशुवैद्याचा दाखला हवा. चेशायर परगण्यातल्या एका चीज करणाऱ्याच्या बाबतीत तर तीस पौंडांच्या भेटीच्या खोक्यासाठी दाखल्याचे १८० पौंड, असा हिशेब झाला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! अशा वेळी मोठा कारखानदार कसाबसा तरतो, घरगुती धंदा करणारा माणूस मात्र गिऱ्हाईक सोडून देतो.

उलट दिशेने, म्हणजे युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटनने पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. ती २०२४ साली सुरू झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तो असा: २०१९ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या मार्चपर्यंत या नव्या अडथळ्यांमुळे दर कुटुंबाचा खाण्यापिण्याचा खर्च सुमारे २५० पौंडांनी वाढला. श्रीमंताच्या घरी ही रक्कम जाणवणारही नाही. पण जिची निम्मी मिळकत किराण्यावर जाते, तिला ती महिन्याच्या वीस तारखेलाच जाणवते.

पण सगळं खापर ब्रेक्झिटवर फोडणंही बरोबर नाही हं. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या दुकानांत टोमॅटो आणि काकड्या माणशी तीनच मिळत होत्या. त्याचं मोठं कारण स्पेन आणि मोरोक्कोतली थंडी हे होतं. २०२१ च्या सप्टेंबरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, कारण टँकर चालवायला ड्रायव्हर पुरेसे नव्हते. त्यातले काही युरोपीय ड्रायव्हर घरी परतले होते हे खरं, पण करोनात अडकलेल्या वाहन परीक्षा हेही कारण होतंच.

पोस्टाची खिडकी

समजा, एक बहीण लीसेस्टरला आणि भाऊ जर्मनीत. पूर्वी भाऊबिजेचं पुडकं बांधलं, तिकीट लावलं की काम झालं. आता पुडक्यात काय आहे, किती किमतीचं आहे, सगळं अर्जात लिहून द्यावं लागतं. युरोपात पाठवायची भेट ४५ युरोच्या वर गेली, किंवा तिथून ब्रिटनला येणारी ३९ पौंडांच्या वर गेली, तर कर भरून सोडवून घ्यायची. भेट घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागले तर पाठवणारीला किती ओशाळं वाटत असेल!

उत्तर आयर्लंडची तऱ्हा आणखी निराळी. तो ब्रिटनचाच भाग, पण शेजारच्या आयर्लंडशी त्याची सीमा खुली ठेवायची होती. म्हणून तपासणी समुद्रावर आली. इंग्लंडमधल्या रोपवाटिकेतून मातीसकट कुंडी बेलफास्टला पाठवणंसुद्धा अवघड झालं. एकाच देशात! २०२३ च्या विंडसर कराराने हा ताण बराच सैल झाला.

प्रवासाची पेटी

ब्रिटिश पासपोर्टाचा रंग पुन्हा निळा झाला, त्याचं तिथे मोठं कौतुक झालं. गंमत अशी की तो तयार होतो पोलंडमध्ये. पण या निळ्या पासपोर्टावर युरोपात पूर्वीसारखं हवं तितकं राहता येत नाही. कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस. स्पेनमध्ये छोटंसं घर घेऊन थंडीचे चार-पाच महिने तिथे काढणारी वृद्ध जोडपी आता कॅलेंडरावर दिवस मोजतात. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणंही सुरू झालं.

आणि शिदोरी? २०२१ च्या जानेवारीत ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरांच्या डब्यांतले सँडविच हॉलंडच्या अधिकाऱ्यांनी काढून घेतले, कारण आत मांस होतं! सगळ्या जगाने ते दूरदर्शनवर पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटननेही जनावरांच्या साथीच्या भीतीने युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर आणायला बंदी केली.

गोव्याच्या घरांतली तारीख

आता मनाला लागणारी गोष्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं एकदम चालत नाहीत, म्हणून भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागतो. तो देऊन हजारो गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनला गेले. स्विंडन गावात तर त्यांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगाल संघात, ब्रिटन संघात, त्यामुळे कामासाठी व्हिसा लागत नव्हता.

३१ डिसेंबर २०२० ला हे दार बंद झालं. त्याआधी पोहोचलेल्यांना राहण्याचा हक्क मिळाला, पण त्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षं पुरी झालेल्यांना कायमचा, इतरांना तात्पुरता. म्हणजे २०१९ साली गेलेल्या भावाला राहता येतं, आणि त्याच आईच्या पोटची बहीण २०२१ साली निघाली तर तिला नोकरीसाठी व्हिसा हवा. तारखेनंतर लग्न झालेल्या सुनेला साधारणपणे नेहमीचा कौटुंबिक व्हिसा काढावा लागतो, आणि त्यासाठी मिळकतीची अट एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली. गोदामात पाळीवर काम करणाऱ्या मुलाने एवढी मिळकत कशी दाखवायची? नवरा स्विंडनला आणि बायको सासष्टीत, असे संसार यातूनच होतात. भारतीय पासपोर्ट तर आधीच देऊन टाकलेला!

म्हाताऱ्यांचं करायचं कोणी?

युरोपातून सहज येणारी माणसं कमी झाली. करोनानंतर तर वृद्धांची शुश्रूषा करायला हात मिळेनात. तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये या कामासाठी बाहेरच्या देशांतून माणसं बोलावण्याची सोय केली. भारतातूनही पुष्कळ जणी गेल्या. काहींनी दलालांना लाखो रुपये मोजले. पण ११ मार्च २०२४ पासून या कामावर येणाऱ्यांना नवरा-मुलं बरोबर नेता येईनाशी झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवी माणसं घेणंच थांबवलं. गरज होती तेव्हा दार उघडलं, गर्दी वाटली तेव्हा लोटलं. दुसऱ्याच्या आईची सेवा करायला जाणाऱ्या बाईचं लेकरू इथे आजीपाशी राहतं, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग मिळालं काय?

काही मिळालंच नाही असं नाही. आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगते. सॅनिटरी नॅपकिनवर ब्रिटनमध्ये पाच टक्के कर होता. संघाच्या नियमामुळे तो शून्यावर आणता येत नव्हता. १ जानेवारी २०२१ ला तो गेला. (आपल्याकडे जुलै २०१८ मध्येच गेला होता बरं का! आणि २०२२ साली संघानेही आपला नियम सैल केला.) दुसरं म्हणजे, संघात असताना ब्रिटनला स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. तो भारताबरोबर झाला; २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. आपले कपडे, चामड्याच्या वस्तू यांना त्यात सवलत आहे.

आणि वेगळे झालेले भाऊ पुन्हा ओट्यावर येऊन बसलेही. मे २०२५ मध्ये खाद्यपदार्थांची तपासणी कमी करण्याचं दोघांनी तत्त्वतः ठरवलं. विद्यार्थ्यांच्या इरॅस्मस योजनेत २०२७ पासून ब्रिटन परत जाणार, असंही जाहीर झालं.

आपल्या उपयोगाचं

तुमचं कोणी तिकडे असेल, किंवा लेकीकडे जायचा विचार असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

– ब्रिटनचा व्हिसा आणि युरोपचा शेंगेन व्हिसा हे वेगळे आहेत. लंडनला जाऊन 'सहज पॅरिस पाहून येऊ' म्हणाल, तर दोन्ही आधी काढा.

– लंडनहून युरोपात जाताना पनीर, चीज, तूप डब्यात नको. नारळ आणि केळी चालतात, बाकी ताजी फळं-भाजी दाखल्याशिवाय नको.

– ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवान्याचं कार्ड आता राहिलं नाही, सगळं संगणकावर आहे. मुलीने नवा पासपोर्ट काढला तर त्याचा नंबर त्या खात्यात लगेच भरायला सांगा. खात्याचा ई-मेल आणि फोन नंबर तिचा स्वतःचा असावा, नवऱ्याचा किंवा दलालाचा नको.

– प्रवेशाची तारीख, घरभाड्याच्या आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. हक्क मागायची वेळ येते तेव्हा हेच कागद उभे राहतात.

– नोकरीचं आमिष दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर तो व्हिसा अजून चालू आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या माहितीवरून आधी पाहा. मंगळसूत्र गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी करायला काय हरकत आहे?

वेगळं व्हावं की राहावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण तिऱ्हाइतांनी त्यात पडू नये. पण असा मोठा निर्णय कोणी समोर ठेवला, मग तो देशाचा असो, गावाचा असो की आपल्याच घरचा, तेव्हा मत देण्याआधी एक प्रश्न आपण बायकांनी जरूर विचारावा: "दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कोण आणणार?" हा प्रश्न क्षुल्लक म्हणून हसणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हसू द्या. पण उत्तर मिळाल्याशिवाय मान डोलावू नका.