चित्रांची आज्ञावली आणि महाबळेश्वरचा पाऊस



पाऊस मोजणें हें काम दिसावयास अगदीं सोपें आहे. उघड्यावर एक भांडें ठेवावें, रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांत सांचलेलें पाणी मोजपात्रांत ओतावें आणि आंकडा वहींत टिपावा. आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या हेंच होत आलें आहे. परंतु महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं, जेथें वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें दिवसांतून एकदां मोजून भागत नाहीं. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत, २२ आणि २३ तारखांच्या दरम्यान, चोवीस तासांत येथें सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कृष्णा, कोयना आणि वेण्णा या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तें सारें पाणी पुढें सांगलीच्या घाटाला लागतें. वरच्या अंगाला कोणत्या तासांत किती पाऊस झाला हें वेळेवर आणि खरें कळलें, तरच खालच्या अंगाच्या माणसांना गुरेंढोरें व सामान हलविण्यास अवकाश मिळतो. म्हणून आतां यंत्रानें अखंड मोजणी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. आणि त्या यंत्राशीं जोडलेल्या संगणकानें काय करावें हें सांगणारी आज्ञावली तयार करणें, हें एक नवें काम माणसाच्या माथीं आलें आहे. त्या कामांतील कांहीं व्यावहारिक अडचणी आज आपणांपुढें मांडावयाच्या आहेत.

मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलेला मास्तर आहें. परंतु २०१२ सालीं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें महाबळेश्वरीं ढगांच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उघडली, तेव्हांपासून अशा यंत्रांविषयींचें कुतूहल येथील मुलांत वाढत गेलें आहे. हौशी विद्यार्थ्यांची खटपट जवळून पाहतां असें दिसतें कीं, यांतल्या बहुतेक अडचणी शाळेंतल्या गणितानें आणि साध्या व्यवहारज्ञानानें समजण्याजोग्या आहेत.

प्रथम यंत्र समजून घेऊं. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या एका नेहमींच्या प्रकारांत नसराळ्याखालीं तराजूच्या दांडीप्रमाणें डोलणारी एक जोडवाटी असते. एका वाटींत पाणी भरतें. ठराविक भार होतांच ती कलंडते, पाणी सांडून जातें आणि दुसरी वाटी नसराळ्याखालीं येते. प्रत्येक कलंडण्याबरोबर लोहचुंबकाच्या योगें विजेची एक लहानशी कळ क्षणभर मिटते. नसराळ्याचें तोंड २०० चौरस सेंटीमीटरांचें असेल आणि वाटी ४ घन सेंटीमीटर पाण्यानें कलंडत असेल, तर एक कलंडणें म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. संगणकानें कळेचे ठोके मोजावे, इतकेंच काम. ५९४ मिलिमीटरांच्या दिवशीं असे २,९७० ठोके पडले पाहिजेत.

संगणकाला आज्ञा देण्याची सर्वसाधारण रीत म्हणजे ओळीखालीं ओळ लिहिणें. परंतु प्रयोगशाळेंत वावरणाऱ्यांना विजेच्या जोडणीचे नकाशे वाचण्याची संवय असते. हें ओळखून, अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत ऑस्टिन शहरीं १९७६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें १९८६ सालीं ‘लॅबव्ह्यू’ नांवाचें सॉफ्टवेअर मॅकिंटॉश संगणकासाठीं बाहेर काढलें. कंपनीच्या संस्थापकांपैकीं जेफ कोडोस्की हे त्याचे जनक मानले जातात. २०२० सालीं घरगुती, बिनव्यापारी उपयोगासाठीं त्याची विनामूल्य आवृत्ति निघाली, आणि २०२३ सालीं ही कंपनी एमर्सन या उद्योगसमूहाच्या मालकीची झाली.

या भाषेंत शब्द थोडे, चित्रें फार. एक पान यंत्राच्या दर्शनी बाजूसारखें असतें; त्यावर बटणें, कांटे, आलेख. दुसरें पान आंतल्या जोडणीचें. त्यावर बेरीज, तुलना, नोंद अशा एकेका क्रियेची एकेक चौकट, आणि चौकटींना जोडणाऱ्या रंगीत तारा. या तारांतून विजेऐवजीं आंकडे वाहतात. एखाद्या चौकटीला लागणारे सर्व आंकडे येऊन पोंचले म्हणजे ती आपलें काम करते आणि फळ पुढच्या तारेवर सोडते. पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जावें, तसा हा प्रवाह. न जुळणाऱ्या गोष्टी जोडल्या तर तार तुटकी दिसते आणि आज्ञावली चालूच होत नाहीं. नवशिक्यालाही थोड्या वेळांत कांहींतरी चालतें करून दाखवितां येतें, हा या पद्धतीचा मोठा गुण.

पण चित्र चाललें म्हणजे मोजणी खरी झाली, असें नव्हे. आंकडा कोठून कोठें जातो हें चित्रांत दिसतें. तो केव्हां जातो, वाटेंत हरवतो काय, आणि मुळांत तो खरा होता काय, हें दिसत नाहीं. साऱ्या अडचणी येथूनच उपजतात.

पहिली अडचण क्रमाची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतों, म्हणून डावीकडची चौकट आधीं चालेल अशी सहज समजूत होते. ती खरी नाहीं. ज्या दोन चौकटी तारेनें एकमेकींशीं बांधलेल्या नाहींत, त्यांपैकीं कोणती आधीं चालेल याची हमी नसते. समजा, ठोक्यांची बेरीज एका सामाईक पेटींत ठेविली आहे. एक फेरा, ज्याला लूप म्हणतात, प्रत्येक ठोक्याला पेटींतला आंकडा वाचतो, त्यांत एक मिळवितो आणि परत ठेवतो. दुसरा फेरा सकाळीं साडेआठला तीच पेटी शून्य करतो. आतां पहिल्यानें २,९६९ हा आंकडा वाचला. तो एक मिळवून ठेवणार इतक्यांत दुसऱ्यानें पेटी शून्य केली. लगेच पहिल्यानें तींत २,९७० ठेवून दिला. नव्या दिवसाचा आरंभ कालच्या पावसानें झाला! असें क्वचित्‌च घडतें, आणि म्हणूनच तें हुडकून काढणें कठीण. उपाय जुनाच आहे. खतावणींत एकाच कारकुनानें लिहावें, तसा बेरजेला हात लावणारा फेरा एकच असावा. इतरांनीं त्याला केवळ निरोप पाठवावा.

दुसरी अडचण वेळेची. कळ सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरती मिटते. एकाच फेऱ्यांत कळ पाहणें, आलेख काढणें आणि नोंद लिहून ठेवणें हीं तिन्ही कामें घातलीं आणि लिहिण्याला एखाद्या वेळीं दोन सेकंद लागले, तर तेवढ्यांत पडलेला ठोका संगणकाच्या गांवींही नसतो. पाऊस जितका दाट, तितके ठोके अधिक हुकतात; म्हणजे ज्या दिवशीं खरी गरज, त्याच दिवशीं मोठी तूट. येथें दोन उपाय जोडीनें करावे. ठोके धरण्याचें काम जोडयंत्रांतील स्वतंत्र गणकाकडे द्यावें. संगणक इतरत्र गुंतला असला तरी तो प्रत्येक ठोका टिपून ठेवतो. आणि आंकडे घेणारा फेरा व लिहिणारा फेरा निराळे करून मध्यें आंकड्यांची रांग ठेवावी. नळाला पाणी येतें एका वेगानें, आपण उपसतों दुसऱ्या वेगानें. मध्यें हौद असला म्हणजे पाणी वायां जात नाहीं. रांग हा तो हौद होय.

तिसरी अडचण उलट दिशेची, म्हणजे जास्त मोजण्याची. धातूची कळ मिटतांना एकदम स्थिर होत नाहीं. जमिनीवर टाकलेल्या चेंडूप्रमाणें बारीक उड्या मारते. आपल्याला एक ‘टक्’ ऐकूं येतो, संगणकाला तीन. यासाठीं एक ठोका धरल्यावर थोडा वेळ पुढचे ठोके सोडून द्यावे लागतात. किती वेळ? हें अदमासानें ठरवूं नये, गणितानें ठरवावें. दर अर्ध्या सेकंदाला एक कलंडणें म्हणजे तासाला १,४४० मिलिमीटर पाऊस. इतका वेग आपल्या सह्याद्रींतही धरण्याचें कारण नाहीं. तेव्हां अर्ध्या सेकंदाच्या आंत आलेला दुसरा ठोका खोटा समजण्यास हरकत नाहीं.

चौथी अडचण आंकड्याच्या घराची. संगणकांत प्रत्येक संख्येला ठराविक मापाचें घर दिलेलें असतें. सोळा द्विमान स्थानांच्या एका प्रकारच्या घरांत ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. तींत आणखी एक मिळविला तर, मोटारीच्या मैलमापकाचे आंकडे भरून पुन्हां आरंभाला जावेत त्याप्रमाणें, उत्तर उणे ३२,७६८ असें येतें. आणि लॅबव्ह्यू त्याबद्दल आपण होऊन सूचना देत नाहीं. आतां ३२,७६७ ठोके म्हणजे ६,५५३.४ मिलिमीटर. माण तालुक्यांतील म्हसवडास वर्षाचा पाऊस साधारण पांचशें मिलिमीटरांच्या आसपास. तेथें वर्षाची बेरीज या घरांत सुखानें नांदेल. महाबळेश्वरीं एखाद्या भरीच्या वर्षीं तें घर फुटेल. दोन्ही गांवें एकाच सातारा जिल्ह्यांतलीं. पण आज्ञावलींतलें व्यंग म्हसवडांत बसून कोणाला कधींच कळणार नाहीं. घर बत्तीस स्थानांचें घेतलें कीं ही चिंता मिटते. मात्र धडा ध्यानांत ठेवावा : दुसरीकडे चाललेली आज्ञावली आणतांना ती आपल्या गांवच्या पावसाला पुरेल काय, हें आधीं पाहावें.

पांचवी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. येथल्या दमट हवेनें सांधा गंजला, किंवा उंदरानें तार कुरतडली, तर ठोके येणें बंद होतें. संगणक निमूटपणें लिहितो, पाऊस शून्य. आभाळ कोरडें असलें तरीही तो शून्यच लिहितो. या दोन शून्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. एक अज्ञानाचें, दुसरें ज्ञानाचें. लॅबव्ह्यूमध्यें दोषाची बातमी वाहून नेणारी एक निराळी तार असते. ती चौकटीचौकटींतून ओंवून नेली म्हणजे कामाचा क्रमही आपोआप बांधला जातो आणि बिघाड कोठें झाला तेंही कळतें. चित्र सुटसुटीत दिसावें म्हणून ती न जोडणें ही खोटी काटकसर होय. तथापि तेवढ्यानें भागत नाहीं. कारण ठोका न येणें हा गणकाच्या दृष्टीनें दोषच नव्हे. म्हणून आणखी एक पहारा बसवावा. हवा ओलीचिंब आहे, शेजारचें केंद्र पाऊस सांगतें आहे आणि आपल्याकडे सहा तास ठोका नाहीं, अशा वेळीं ‘शून्य’ न लिहितां ‘नोंद संशयास्पद’ असें लिहिण्याची आज्ञा असावी.

सहावी अडचण मागून येणाऱ्याची. चित्र वाढत गेलें कीं तारांचा कोळिष्टकासारखा गुंता होतो आणि करणाऱ्यालाही वर्षानें तो उलगडत नाहीं. एक चित्र एका पडद्यावर मावावें. मोठें काम लहान उपचित्रांत वांटावें. प्रत्येकाला अर्थपूर्ण नांव द्यावें. नव्या आवृत्तींत जतन केलेलें चित्र जुन्या आवृत्तींत थेट उघडत नाहीं, यास्तव कोणती आवृत्ति वापरली तें कागदावर टिपून ठेवावें.

हें सारें साधलें तरी एक परीक्षा उरतेच, आणि ती पडद्यावर नव्हे, पाण्यानें घ्यावयाची. ४०० घन सेंटीमीटर पाणी मोजून घ्यावें आणि नसराळ्यांत संथ धारेनें सोडावें. ठोके १०० पडले पाहिजेत. मग तेंच पाणी जलद सोडून पाहावें. या वेळीं ठोके कमी भरतील. कारण वाटी कलंडत असतांना पडणारें थोडें पाणी मोजलें न जातां निघून जातें. किती वेगाला किती तूट येते याचें कोष्टक करून आज्ञावलींत घालावें. आणि स्वयंचलित यंत्राशेजारीं तें जुनें साधें भांडेंही असूं द्यावें. रोज सकाळीं दोहोंची तोंडमिळवणी करावी.

शाळेंत आम्ही मुलांना सांगत असूं कीं, उत्तर आलें म्हणजे ताळा करून पाहा. यंत्रानें मोजावयाचें आणि चित्रानें आज्ञा द्यावयाची असा काळ आला म्हणून ताळ्याची गरज गेलेली नाहीं. उलट वाढली आहे. वहींत लिहिणाऱ्या माणसाला ‘आज असें कसें?’ अशी शंका तरी येत असे. यंत्राला ती येत नाहीं. ती आपणच आधीं विचार करून त्याच्या चित्रांत घालून ठेवावी लागते. ज्या तरुणांनीं हें काम हातीं घेतलें आहे, त्यांनीं आपल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला नदीकांठचीं घरें आहेत हें विसरूं नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.