व्हेनिसदर्शन आता पंचवीस जणांच्या गटानेच

बोटीतून उतरायचे, मार्गदर्शकाने उंचावलेल्या छत्रीमागे सेंट मार्क्स चौक गाठायचा, १५९१ मध्ये पूर्ण झालेल्या रिआल्टो पुलावर छायाचित्रे काढायची आणि सायंकाळी परतायचे. इटलीतील व्हेनिस पाहण्याचा समूह सहलींचा हा ठरलेला क्रम. मात्र ११८ लहान बेटांवर वसलेल्या या शहराच्या अरुंद गल्ल्यांना ही गर्दी पेलवेनाशी झाली आहे.

त्यामुळे १ ऑगस्ट २०२४ पासून मार्गदर्शकासह फिरणाऱ्या गटात २५ पेक्षा अधिक पर्यटक नसावेत, असे बंधन महापालिकेने घातले. ध्वनिवर्धकास मनाई असून पुलांवर व गल्ल्यांत वाट अडवून थांबता येत नाही. साहजिकच, बसभर आलेल्या पर्यटकांचे दोन गट करावे लागतात. एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी प्रवेशशुल्कही सुरू झाले. पहिल्या वर्षी ते ५ युरो होते. शहरात मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, कारण ते मुक्कामाचा कर भरतातच.

प्रश्न केवळ गर्दीचा नाही. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ऐतिहासिक व्हेनिसमध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांखाली आली. घर पर्यटकांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरते. रहिवाशांना मात्र भाडे परवडत नाही.

म्हणूनच पुलावर बाजूला सरकणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. मागून येणारा कदाचित कामावरून घरी परतणारा व्हेनिसकर असतो.