ख्रिस्ती धर्म रोमच्या सम्राटांनी रचला का?

‘येशू नावाचा माणूस झालाच नाही, ती रोमन सरकारने रचलेली गोष्ट आहे.’ ‘बायबलमध्ये काय ठेवायचं हे कॉन्स्टंटाइन बादशहाने मतदान घेऊन ठरवलं.’ डिसेंबर उजाडला की अशा चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. त्या पुढे पाठवणारे बहुतेक शिकलेले, चौकस लोक असतात. धर्मामागे सत्ता असतेच, हे त्यांना आधीपासून पटलेलं असतं, त्यामुळे गोष्ट चटकन गळी उतरते. शंका घेणं चांगलंच, पण शंकेलाही पुरावा लागतो. या विषयात तर पुरावा भरपूर आहे, आणि त्यातला थोडा आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, किहीम-नवगाव-चौल या पट्ट्यातही सापडतो.

गैरसमज : कॉन्स्टंटाइनने नायसियाच्या परिषदेत बायबल ठरवलं आणि येशूला देव केलं

2003 साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने हा समज घरोघरी पोहोचवला, पण तो त्याहून बराच जुना आहे. नवव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रीक ग्रंथात चमत्काराची एक कथा आहे. नायसियात सगळे ग्रंथ वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरे ग्रंथ वर राहिले आणि खोटे खाली गेले, अशी ती कथा. परिषदेनंतर पाचशे वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट पुढे व्होल्तेअरने थट्टेसाठी वापरली आणि ती युरोपभर पसरली.

नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. इसवी सन 325 मध्ये तिथे तीनशेच्या आसपास बिशप जमले. त्यांना सम्राटाने बोलावलं होतं आणि खर्चही त्यानेच केला, हे खरं आहे. त्यांनी केलेले वीस नियम आजही वाचायला मिळतात. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये, रविवारी उभं राहून प्रार्थना करावी, छळाच्या काळात धर्म सोडलेल्यांना परत कसं घ्यावं, असे ते नियम आहेत. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत यावर त्यात एकही नियम नाही. चारच शुभवर्तमानं मानावीत, असं लिओनचा बिशप इरिनेयस साधारण 180 साली, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या जन्माआधी कितीतरी वर्षं, आग्रहाने लिहीत होता. उलट नव्या करारातल्या 27 पुस्तकांची आज आहे तशी नेमकी यादी प्रथम दिसते ती 367 सालच्या अथनासियसच्या पत्रात. तेव्हा कॉन्स्टंटाइन जाऊन तीस वर्षं झाली होती. सम्राटाने कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चसाठी बायबलच्या पन्नास प्रती तयार करवून घेतल्या, अशी नोंद मात्र आहे. ‘बायबल त्याने बनवलं’ या समजुतीला आधार मिळाला असेल तर एवढाच.

येशूच्या देवत्वाचा वाद नायसियात झाला, पण तो वेगळा होता. येशूला दैवी मानावं की नाही, असा प्रश्नच तिथे नव्हता. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा आणि अनादी, की पित्याने निर्मिलेला, हा वाद होता. दुसरी बाजू आरियस नावाच्या धर्मगुरूने लावून धरली होती. तो हरला आणि त्याच्यासोबत फक्त दोन बिशपांनी सही नाकारली. आता पुढचं पाहा. याच कॉन्स्टंटाइनने नंतर आरियसला परत बोलावलं. नायसियाच्या मताचा खंदा पाठीराखा अथनासियस याला त्याने 335 मध्ये दूर त्रिएरला हद्दपार केलं. 337 मध्ये मरणशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तोही आरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघडपणे नायसियाविरोधी गटाचा होता. सम्राटाच्या मर्जीने धर्ममत ठरत असतं, तर आज जगभरातली चर्च आरियसचं मत शिकवत असती.

गैरसमज : येशूची कथा फ्लेवियन सम्राटांनी लिहवून घेतली

हा दावा जास्त धीट आहे. 1877 मध्ये ब्रुनो बाउअर या जर्मन अभ्यासकाने ख्रिस्ती धर्माचा उगम रोमी तत्त्वज्ञानात आणि सम्राटांच्या काळातल्या वातावरणात शोधला होता. त्यापुढे जाऊन 2005 मध्ये जोसेफ ॲटविल या अमेरिकन लेखकाने मांडलं की, वेस्पासियन आणि त्याचा मुलगा टायटस या फ्लेवियन सम्राटांनी दरबारी लेखकांकरवी शुभवर्तमानं लिहवून घेतली. बंडखोर ज्यूंना शांतताप्रिय मसीहा देऊन थंड करणं, हा त्यामागचा हेतू. पुरावा म्हणून तो इतिहासकार जोसेफसच्या पुस्तकातलं टायटसच्या मोहिमेचं वर्णन आणि येशूचं चरित्र शेजारी शेजारी ठेवतो. येशू गालील सरोवराकाठी कोळ्यांना ‘माणसं धरणारे’ व्हा म्हणतो, आणि त्याच सरोवरात 67 साली रोमन सैनिकांनी पाण्यात पडलेल्या ज्यूंना मारलं. ॲटविलच्या मते यातली दुसरी घटना मूळ आणि पहिली तिच्यावरून रचलेली.

अशी साम्यं शोधायला बसलं तर कोणत्याही दोन ग्रंथांत सापडतात. येशू ऐतिहासिक नव्हताच असं मानणारा रिचर्ड कॅरियरसुद्धा ही मांडणी साफ नाकारतो. तारखांपुढे तर ती उभीच राहत नाही. वेस्पासियन 69 मध्ये गादीवर आला. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं त्याआधीची, साधारण 50 ते 60 या दशकातली आहेत. त्यांत वेगवेगळ्या गावांतल्या मंडळ्या आहेत, त्यांची भांडणं आहेत. अंत्युखियात पौल येशूच्या शिष्याला, पेत्राला, सगळ्यांसमोर खडसावतो, तेही आहे. कुणाला धर्म रचायचाच असता, तर त्याने संस्थापकांची अशी जुंपलेली दाखवली नसती. शिवाय रोमचा इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल तिटकाराच होता, तो लिहितो की 64 साली रोमला आग लागल्यावर नीरोने तिचं खापर त्यांच्या माथी फोडलं. त्यांच्या ‘ख्रिस्तस’ला तिबेरियसच्या काळात पंतय पिलाताने मारलं होतं, हेही तोच सांगतो. म्हणजे वेस्पासियनच्या पाच वर्षं आधी खुद्द राजधानीत ख्रिस्ती लोक होते आणि जिवंत जाळले जात होते.

मला सर्वांत निर्णायक वाटतं ते साधारण 112 सालचं एक सरकारी पत्र. आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो की, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? आपण अशा खटल्यांना कधी हजर राहिलेलो नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो. म्हणून चौकशीसाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या. हाती काय लागलं? हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात आणि चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, एवढंच. ट्राजनचं उत्तर असं : हुडकत बसू नका, पण सिद्ध झालं तर शिक्षा द्या. चाळीस वर्षांपूर्वी साम्राज्याने स्वतःच रचलेली गोष्ट त्याच साम्राज्याच्या सुभेदाराला दासींचा छळ करून शोधावी लागते, हे कसं मानायचं? आणि ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणणारे लोक इथे नायसियाच्या दोनशे वर्षं आधी दिसतात, तेही लक्षात ठेवावं.

मँचेस्टरच्या ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा जपून ठेवला आहे. लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर, रुंदी सहा. इजिप्तमधून आलेल्या या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी योहानाच्या शुभवर्तमानातल्या काही ओळी आहेत, आणि प्रसंग आहे येशू पिलातासमोर उभा असल्याचा. अक्षराच्या वळणावरून बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला धरतात. येशूला मृत्युदंड देणारा रोमन अधिकारी या कथेत इतक्या जुन्या काळापासून ठाण मांडून आहे.

फ्लेवियन सम्राटांनी ज्यूंचं काय केलं, याची आठवण आमच्या किनाऱ्यावरही आहे; इथे किहीमचा संबंध येतो. हाईम सॅम्युएल किहीमकर (1830–1908) हे बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचे इतिहासकार. आडनाव याच गावचं. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केला आणि तो त्यांच्या मागे 1937 साली तेल अवीवला छापला गेला. किहीमच्या शेजारी नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही समाजाची परंपरा त्यांनी नोंदवली. पूर्वज इथे कधी आले असावेत, याचा त्यांचा अंदाज इसवी सनापूर्वी 175 च्या आसपासचा होता. हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. किहीमकरांची पद्धत मला आवडते. जुने सण कोणते, त्यांची नावं मराठी की हिब्रू, कोणता सण समाजाला माहीतच नव्हता, हे एकेक पाहून त्यांनी काळाचा अंदाज बांधला. त्यांचा निष्कर्ष आज सगळे मान्य करत नाहीत. पण पुरावा आधी आणि अनुमान नंतर, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

त्या सणांत एक आहे बिरड्याचा सण. ज्यू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीचा हा उपवास, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस. अलिबागकडचे वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, आणि मांस वर्ज्य करून बिरडं करायचं. कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला हा पदार्थ या समाजात शोकाच्या दिवसाशी जोडला गेला. मंदिर दोनदा पडलं. पहिलं बाबिलोनच्या सैन्याने पाडलं आणि दुसरं, 70 साली, याच टायटसने. लुटलेला सात फांद्यांचा दीपवृक्ष मिरवणाऱ्या सैनिकांचं शिल्प रोममध्ये त्याच्या नावाच्या कमानीवर आजही आहे. फ्लेवियन सम्राटांनी ज्यूंचं काय केलं, हे जगभरचे ज्यू उपवास करून आठवत आले. आणि कथा देऊन त्यांना थंड करायचा बेत असता, तर तो साफ फसला म्हणावा लागेल. ज्यूंनी 115 मध्ये आणि पुन्हा 132 मध्ये रोमविरुद्ध शस्त्र उचललंच. तोवर शुभवर्तमानं वाचणाऱ्या मंडळ्यांत भरणा बिगर-ज्यूंचा होऊ लागला होता.

गैरसमज : रोमच्या तलवारीशिवाय हा धर्म पसरलाच नसता

आपल्याकडे याला जोडून आणखी एक समज असतो : कोकणात ख्रिस्ती आले ते पोर्तुगीजांबरोबर.

पौल पत्रं लिहीत होता त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याण आणि सेमिल्ला, म्हणजे आपलं चौल, ही दोन्ही बंदरं आहेत. म्हणजे रोमन जगाशी या किनाऱ्याचा व्यापार होता. तरी इथे चर्च आलं ते रोमकडून नाही. साधारण 550 साली अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापारी लिहितो की कल्याणला एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. त्याच्या बंदरांच्या यादीतलं सिबोर म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इराण हा रोमचा पिढीजात वैरी. तिथल्या ख्रिस्ती लोकांना रोमच्या सम्राटाचा आधार मिळाला नाहीच, उलट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाल्याने त्यांच्यावर संकट आलं. शत्रूच्या धर्माचे म्हणून शाह दुसऱ्या शापूरने 340 च्या सुमारापासून त्यांचा अनेक वर्षं छळ केला. तरी ते चर्च टिकलं. 410 मध्ये त्यांनी आपल्याच सभेत नायसियाचं मत स्वीकारलं आणि 424 मध्ये पश्चिमेच्या अधिकारातून स्वतःला मोकळं करून घेतलं. 635 मध्ये त्यांचे धर्मगुरू चीनच्या राजधानीत पोहोचले. आर्मेनियाचा राजा तर परंपरेनुसार 301 मध्येच ख्रिस्ती झाला होता. पुढे 1321 मध्ये युरोपातले फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो याच पूर्वेकडच्या चर्चच्या एका कुटुंबात. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

रविवार आणि 25 डिसेंबर हेही रोमच्या सम्राटांनीच ठरवले, असं म्हटलं जातं; त्याबद्दल थोडक्यात. कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवारची सुट्टी दिली, पण ख्रिस्ती लोक त्या दिवशी आधीपासून जमत. 25 डिसेंबरची स्पष्ट नोंद 354 सालच्या रोमन पंचांगात आहे. सूर्यदेवाच्या सणाचा तिच्याशी संबंध असेलही, पण त्यावरून येशूच काल्पनिक ठरत नाही. आपल्याकडेही बाबाराव सावरकरांनी 1946 मध्ये पुस्तक लिहून येशूला तमिळ हिंदू ठरवलं होतं. उत्तर आधी ठरवायचं आणि साम्यं मागून गोळा करायची, हा दोष तिथेही तोच.

मग रोमने काय घडवलं?

पुष्कळ घडवलं, आणि ते नाकारणंही तितकंच चूक होईल. क्रूस हे रोमन शिक्षेचं साधन. धर्म पसरला तो रोमन रस्त्यांवरून आणि ग्रीक भाषेतून. कॉन्स्टंटाइनच्या काळात, 313 नंतर, चर्चला जमिनी, पैसा आणि मान मिळाला. 380 मध्ये थिओडोसियसने नायसियाचं मत हाच साम्राज्याचा धर्म ठरवला, आणि मग कालपर्यंत छळ सोसणारे स्वतः इतरांवर सक्ती करू लागले. ही दुःखद गोष्ट ख्रिस्ती इतिहासकारही मान्य करतात.

आणखी एक परिणाम आहे, आणि त्याची किंमत मोठी पडली. पिलात क्रूर होता, हे फिलो आणि जोसेफस हे दोघेही त्या काळचे ज्यू लेखक सांगतात. शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर 36 मध्ये त्याला पदावरून परत बोलावलं गेलं. शुभवर्तमानांत मात्र तो कचरणारा, हात धुऊन मोकळा होणारा दिसतो, आणि दोष जमावाकडे सरकतो. यरुशलेम जळाल्यानंतर रोमच्या छायेत राहणाऱ्या छोट्या मंडळ्यांना सुभेदारावर बोट रोखणं परवडणारं नव्हतं, हे त्याचं एक कारण अनेक अभ्यासक देतात. सत्तेचा परिणाम खरोखर झाला तो असा, धाकातून. त्या सरकलेल्या दोषापायी युरोपात ज्यूंनी शतकानुशतकं मार खाल्ला. येशूच्या मृत्यूसाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरता येत नाही, असं कॅथलिक चर्चने अधिकृतपणे जाहीर केलं ते 28 ऑक्टोबर 1965 रोजी. रोमच्या सत्तेने ख्रिस्ती धर्माचं काय केलं, हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे, त्यांनी चित्रफितीतली कारस्थानं सोडून या इतिहासापासून वाचायला सुरुवात करावी.