लॅपटॉपवरील टचपॅडचे नियंत्रण आणि मराठी टंकलेखनाची शुद्धता : खानदेशातील अध्यापक-संशोधकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे कार्यक्षेत्र असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. २०१८ पासून हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात शोधप्रबंधाचे हस्तलिखित टंकलेखकाकडे सोपविण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. पुढे लॅपटॉप अध्यापकांच्या हाती आला आणि टंकलेखकाचे काम बऱ्याच अंशी अध्यापकाने स्वतःकडे घेतले. शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, मूल्यांकनाचे अहवाल, प्रकल्पांचे प्रस्ताव असा सर्व मजकूर आता लेखक स्वतःच टंकित करतो. या बदलामुळे लेखनाचा वेग वाढला, तसेच टंकलेखनातील दोषांची जबाबदारीही लेखकावर आली.

या दोषांपैकी एक दोष भाषेच्या अज्ञानातून निर्माण होत नाही. टंकलेखन चालू असताना तळहाताचा ओझरता स्पर्श टचपॅडला होतो, कर्सर दुसऱ्याच ओळीत जातो आणि पुढील शब्द भलत्या ठिकाणी उमटतात. टचपॅड बंद वा सुरू करणे ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु तिचा मजकुराच्या विश्वसनीयतेशी थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखात टचपॅडचे कार्य, मराठी टंकलेखनात त्याचा होणारा अडथळा, तो बंद करण्याचे पर्याय आणि बंद झालेला टचपॅड पुन्हा सुरू करण्याची रीत यांचा क्रमाने विचार केला आहे.

टचपॅडचे कार्य :

लॅपटॉपच्या प्रारंभीच्या काळात पॉइंटर हलविण्यासाठी फिरता गोळा किंवा कळफलकाच्या मध्यभागी बसविलेली छोटी दांडी वापरली जाई. १९९४ मध्ये ॲपल कंपनीने पॉवरबुक ५०० या मालिकेत बोटाच्या स्पर्शावर चालणारा सपाट फलक दिला. त्यानंतर हीच रचना जवळजवळ सर्व कंपन्यांनी स्वीकारली.

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. या जाळीभोवती सूक्ष्म विद्युतक्षेत्र निर्माण केलेले असते. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते. हा बदल कोठे झाला याचे मोजमाप सेकंदाला अनेक वेळा घेतले जाते आणि त्यानुसार पॉइंटर हलतो. पेनाचे प्लॅस्टिकचे टोपण फिरवले असता पॉइंटर हलत नाही, बोट फिरवले असता हलतो. यावरून टचपॅड दाब ओळखत नसून विद्युतवाहकता ओळखतो, हे लक्षात येते.

या तत्त्वातूनच त्याच्या मर्यादा निर्माण होतात. तळहाताचा अंगठ्याखालील मांसल भाग हाही विद्युतवाहकच आहे. बोट कोणते आणि तळहात कोणता हे संगणकाला स्पर्शाच्या आकारावरून व हालचालीवरून ठरवावे लागते आणि हा अंदाज कधी कधी चुकतो. घामाचा थेंबही पॉइंटर भरकटविण्यास पुरेसा ठरतो. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा दिवसांत ओल्या हाताने टचपॅड वापरताना येणारा अनुभव पुष्कळदा यंत्रातील बिघाड समजला जातो, ही बाब येथे नोंदविणे आवश्यक आहे.

विजेची जोडणी हे आणखी एक कारण होय. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून तो वापरल्यास भूसंपर्क तुटतो. तसेच इमारतीतील भूसंपर्क सदोष असल्यास चार्जरमधील विद्युतगोंगाट टचपॅडपर्यंत पोहोचतो आणि पॉइंटर थरथरतो. चार्जर काढताच थरथर थांबत असेल, तर टचपॅड बदलण्याऐवजी विजेची जोडणी तपासणे योग्य ठरते.

पॉइंटर, कर्सर आणि मजकुराचे स्थलांतर :

या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी पॉइंटर व कर्सर यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. पॉइंटर म्हणजे पडद्यावर फिरणारी खूण; कर्सर म्हणजे पुढील अक्षर जेथे उमटणार ती लुकलुकणारी उभी रेघ. पॉइंटर नुसता हलल्याने मजकुराला बाध येत नाही. परंतु टचपॅडवर बोटाचा हलका ठोका दिला असता तो क्लिक मानला जातो आणि कर्सर उडी घेऊन पॉइंटरच्या जागी जातो. तळहाताचा स्पर्श असा ठोका मानला गेला की वाक्याचा उत्तरार्ध दुसऱ्या परिच्छेदात जाऊन बसतो. दोन ठोके व त्यापाठोपाठ ओढ असा अर्थ लावला गेल्यास मजकुराचा काही भाग निवडला जातो आणि पुढील कळ दाबताच तो पुसला जातो. असे घडल्याचे तत्काळ लक्षात आल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून मजकूर पूर्ववत करता येतो.

मराठी टंकलेखनात हा संभव का वाढतो, याचे उत्तर कळफलकाच्या रचनेत काही अंशी सापडते. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात अनुस्वार, म, न, व, ल, स आणि य ही चिन्हे व अक्षरे सर्वांत खालच्या ओळीत आहेत. ण आणि ळ ही अक्षरेही शिफ्ट कळेसह त्याच ओळीतून मिळतात. मराठीतील प्रत्यय व क्रियापदांची रूपे पाहिली तर ही अक्षरे किती वारंवार येतात हे कळते. त्यामुळे बोटे पुनःपुन्हा खालच्या ओळीकडे वळतात, मनगट खाली येते आणि तळहात टचपॅडच्या कडेवर टेकण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या प्रकारचा कळफलक वापरणाऱ्यांनी आपला हात कोणत्या अक्षरासाठी खाली उतरतो हे स्वतः पाहणे उपयुक्त ठरेल.

संशोधनाच्या दृष्टीने गांभीर्य :

सामान्य पत्रव्यवहारात असा दोष वाचताना सापडतो. संशोधनाच्या काही क्षेत्रांत मात्र तो दीर्घकाळ दडून राहू शकतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि त्यानंतर अल्पावधीतच, ९ जानेवारी १९२७ रोजी, तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. मोडी कागदपत्रांचे वाचन आणि देवनागरी लिप्यंतर ही खानदेशातील संशोधनाची एक प्रतिष्ठित परंपरा आहे. लिप्यंतर करणाऱ्याची दृष्टी मूळ कागदावर असते, पडद्यावर नसते. समजा, अशा वेळी कर्सरने दोन ओळी वर उडी घेतली आणि एका नोंदीतील रक्कम दुसऱ्या नावापुढे उमटली, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध दिसेल, पण पुरावा मात्र खोटा ठरेल. पुढील अभ्यासक त्या छापील पाठावर विसंबून राहतो. मूळ कागद पाहण्याची संधी प्रत्येकाला मिळतेच असे नाही.

अहिराणी लोकगीते, म्हणी आणि कथा यांच्या संकलनातही हीच अडचण संभवते. ध्वनिमुद्रण ऐकत टंकलेखन करताना लक्ष कानाकडे असते. प्रमाण मराठीसाठी केलेली शुद्धलेखन तपासणी अहिराणी शब्दांना सरसकट चूक ठरविते, त्यामुळे अभ्यासक ती बंद ठेवतो किंवा तिच्या लाल रेघांकडे दुर्लक्ष करतो. परिणामी चुकून घुसलेला तुकडा दाखवून देणारी कोणतीही खूण उरत नाही. मौखिक परंपरेतील शब्द प्रथमच लेखनबद्ध होत असतील, तर ही हानी अधिक गंभीर होय, कारण पडताळणीसाठी दुसरा लिखित पाठ उपलब्ध नसतो.

टचपॅड नियंत्रणाचे पर्याय :

टचपॅड पूर्ण बंद करणे हा एकमेव उपाय नाही. सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे जाणे सोयीचे ठरते.

१) ठोक्याने होणारे क्लिक बंद करणे : विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' आणि त्यात 'टचपॅड' असा मार्ग आहे. तेथील 'टॅप्स' या विभागात एका बोटाच्या ठोक्याने क्लिक होण्याची सोय बंद करता येते. त्यानंतर टचपॅडने पॉइंटर हलतो, परंतु क्लिकसाठी टचपॅड खाली दाबावा लागतो. कर्सरची अनाहूत उडी बहुतांशी याच उपायाने थांबते.

२) संवेदनशीलता कमी करणे : त्याच विभागात संवेदनशीलतेचे चार स्तर आहेत. 'लो' हा स्तर निवडल्यास टंकलेखनाच्या वेळचे अनाहूत स्पर्श अधिक प्रमाणात दुर्लक्षिले जातात. उबंटूसारख्या लिनक्स प्रणालींच्या अलीकडील आवृत्त्यांत टंकलेखन चालू असेपर्यंत टचपॅड थांबविण्याची स्वतंत्र सोय आहे.

३) माऊस जोडताच टचपॅड बंद होणे : विंडोज ११ मध्ये टचपॅडच्या मुख्य बटणाशेजारील बाण उघडल्यावर 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड' असा पर्याय दिसतो. त्यावरील खूण काढल्यास माऊस जोडलेला असेपर्यंत टचपॅड बंद राहतो आणि माऊस काढताच सुरू होतो. विभागात बसून दीर्घ लेखन करणाऱ्यांसाठी हा पर्याय सर्वांत सुरक्षित म्हणता येईल.

४) पूर्ण बंद करणे : वरील पानावरील मुख्य बटणाने टचपॅड पूर्ण बंद करता येतो. अनेक लॅपटॉपांवर एफ-१ ते एफ-१२ या ओळीतील एका कळेवर टचपॅडचे छोटे चित्र असते. ती कळ एकटी किंवा एफएन कळेसह दाबल्यासही हेच घडते. कळेचा क्रमांक कंपनीनुसार बदलतो, म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा चित्र ओळखावे.

विंडोज १० मध्ये हाच विभाग 'डिव्हाइसेस' या शीर्षकाखाली आहे. मात्र त्या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये टचपॅडचे पर्याय 'कंट्रोल पॅनेल'मधील 'माऊस' या भागातील शेवटच्या टॅबमध्ये आढळतात.

बंद टचपॅड पुन्हा सुरू करणे :

वर उल्लेखिलेली कळ नकळत दाबली गेल्याने टचपॅड बंद पडणे ही नेहमीची घटना आहे. एकच लॅपटॉप अनेकजण वापरत असलेल्या विभागात एकाने केलेला बदल दुसऱ्याला ठाऊक नसतो आणि सुस्थितीतील यंत्र दुरुस्तीला पाठविले जाते. तसे करण्यापूर्वी चित्र असलेली कळ एकदा दाबून पाहावी. उपयोग न झाल्यास केवळ कळफलकाच्या साहाय्याने पुढील मार्ग अवलंबावा.

विंडोज कळ दाबून इंग्रजीत 'टचपॅड' हा शब्द टंकित करावा व एंटर दाबावे. टचपॅडचे पान उघडल्यावर मुख्य बटणाभोवती चौकट दिसेपर्यंत टॅब कळ दाबत जावे आणि स्पेस कळ दाबून ते सुरू करावे. येथे मराठी टंकलेखकाची एक विशेष अडचण होते. कळफलक मराठीवर असल्यास शोधचौकटीत देवनागरी अक्षरे उमटतात आणि अपेक्षित पान सापडत नाही. अशा वेळी विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून कळफलक इंग्रजीवर आणावा आणि मगच शब्द टंकित करावा. यानेही यश न आल्यास तात्पुरता यूएसबी माऊस जोडून तेच पान उघडता येते. पानावर बटण सुरू दिसूनही टचपॅड प्रतिसाद देत नसेल, तरच चालक-प्रणाली किंवा यंत्रातील दोषाचा विचार करावा.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, टचपॅडचे नियंत्रण ही शोधलेखनाच्या पूर्वतयारीचीच एक बाब आहे. प्रथम ठोक्याचे क्लिक बंद करावे, दीर्घ लेखनासाठी माऊस जोडून टचपॅड आपोआप बंद होईल अशी योजना करावी आणि कळफलकाने तो पुन्हा सुरू करण्याची रीत एकदा प्रत्यक्ष करून पाहावी. सामायिक लॅपटॉपवर केलेला बदल काम संपताच पूर्ववत करावा किंवा सहकाऱ्यास सांगावा. लिप्यंतर व लोकसाहित्याच्या संकलनात मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे प्रत्येक पानाचा पाठ मूळ कागदाशी किंवा ध्वनिमुद्रणाशी ओळीने ताडून पाहणे अनिवार्य आहे. पूर्वी टंकलेखकाने टंकित केलेला मजकूर लेखक मुळाशी ताडून पाहत असे. आता टंकलेखक आणि लेखक एकच व्यक्ती झाल्याने ती तपासणी गळून पडता कामा नये.