माथा उंच, खळगा उथळ

१ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या द्राउप्नर वायू-फलाटावरील लेझर मापकाने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. तिचा माथा सरासरी पातळीपेक्षा १८.५ मीटर वर होता. खळगा मात्र जेमतेम सात मीटर खोल.

खवळलेला समुद्र म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या असंख्य लाटांची बेरीज. या लाटा परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर माथे आणि खळगे सारखेच निघतात. संशोधक लाँग्युएट-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये अशाच गृहीतकावर लाटांच्या उंचीला रेले वितरण, म्हणजे किती उंच लाट किती वेळा येईल हे सांगणारे संभाव्यतेचे सूत्र, लावले. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी म्हणजे ‘लक्षणीय उंची’. तिच्या दुपटीहून मोठी लाट या हिशेबाने सुमारे तीन हजारांत एक येते.

प्रत्यक्षात लाटा एकमेकींवर परिणाम करतात. माथे टोकदार व उंच होतात, खळगे पसरट व उथळ. संशोधक टायफुन यांनी १९८० मध्ये ही असममिती सूत्रात बसवली. त्यामुळे लाटेच्या एकूण उंचीचा अंदाज फारसा बदलत नाही, माथ्याचा मात्र वाढतो. फलाटाचा मजला किती उंचावर बांधायचा हे माथ्यावरच ठरते, म्हणून अभियंत्यांना ही दुरुस्ती टाळता येत नाही.