रस्त्यावरील दिवे आणि विजेची काटकसर

सायंकाळ झाली कीं आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा लागतो आणि उजाडलें कीं मालवतो. त्यास वीज किती लागते, तिचें बिल कोण भरतो, आणि त्याचा सर्व उजेड रस्त्यावरच पडतो कीं नाहीं, याचा विचार मात्र फारच थोडे लोक करितात. हल्लीं महानगरांपासून तों लहान ग्रामपंचायतींपर्यंत ठिकठिकाणीं जुने दिवे उतरवून त्यांच्या जागीं कमी वीज खाणारे एल. ई. डी. दिवे बसविले जात आहेत. हा बदल कां होत आहे, व त्यापासून पुरतें हित व्हावयाचें तर काय केलें पाहिजे, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे सन १८६५ मध्यें लागले. ते पेटविण्यासाठीं माणसाला रोज तिन्हीसांजेस एकेक खांबापाशीं जावें लागे. पुढें १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आतांच्या महात्मा जोतिबा फुले मंडईंत, विजेचा प्रकाश आला. तेव्हांपासून दिव्यांचा इतिहास म्हणजे थोड्या खर्चांत अधिक उजेड मिळविण्याचाच इतिहास होय.

जुन्या विजेच्या दिव्यांत टंगस्टनची बारीक तार असते. वीज वाहूं लागली म्हणजे ती तापून पांढरी होते व उजेड देते. परंतु दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकीं सुमारें पांचच भाग प्रकाश होतात. बाकीची सारी उष्णता होऊन जाते. प्रकाश मोजण्याचें माप 'लुमेन' हें होय. तारेच्या दिव्यापासून एका वॅटमागें १० ते १५ लुमेन, पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यापासून ५० च्या आसपास, आणि नारिंगी उजेडाच्या सोडियम दिव्यापासून १०० च्या आसपास लुमेन मिळतात. एल. ई. डी. मध्यें तापणारी तार नाहीं व पेटणारा वायूहि नाहीं. त्यांत अर्धवाहक पदार्थाचा तिळाएवढा कण असतो. त्यांतून वीज जातांना इलेक्ट्रॉन आपली शक्ति थेट प्रकाशरूपानें टाकितात. निळा प्रकाश देणारा कण तयार करणें फार कठीण होतें. तें कार्य आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांनीं साधलें, म्हणून त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कणावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला कीं दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. चांगल्या दिव्यापासून आज एका वॅटमागें १२० हून अधिक लुमेन मिळतात.

येथें कोणी विचारील कीं, सोडियमचा दिवा १०० लुमेन देत असतां फरक तो केवढा? त्याचें उत्तर दिशेंत आहे. सोडियमचा दिवा चोहोंकडे प्रकाश फेकतो. वर व मागें जाणारा प्रकाश आरशानें खालीं वळवावा लागतो, व त्यांत पुष्कळ वायां जातो. एल. ई. डी. चा कण मुळांतच एका बाजूस प्रकाश टाकतो. म्हणून १५० वॅटच्या सोडियम दिव्याचें काम बहुधा ७० वॅटच्या एल. ई. डी. नें भागतें. आतां हिशेब करूं. सोडियम दिवा चोकसह सुमारें १७० वॅट घेतो. दिवा रात्रीं ११ तास जळाला तर वर्षाचे सुमारें ४००० तास होतात. म्हणजे जुन्या दिव्यास ६८० युनिट, व नव्यास २८० युनिट वीज लागते. एका खांबामागें वर्षास ४०० युनिट वांचलीं!

याच हिशेबावर केंद्र सरकारनें जानेवारी २०१५ मध्यें रस्त्यांवरील दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. नगरपालिकेनें आरंभीं भांडवल न घालतां, वांचलेल्या विजेच्या पैशांतून हप्त्यानें खर्च फेडावा, अशी तिची रचना होती. तींत देशांतील एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. ही बचत कागदावरची नव्हे. सन २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील अनेक ग्रामपंचायतींचीं दिव्यांचीं बिलें थकलीं, तेव्हां वीज तोडली जाऊन गांवोगांवचे रस्ते अंधारांत राहिले. अशा वेळीं विंचूकाट्याचें भय कोणास, हें खेड्यांतील पालकांस सांगावयास नको.

परंतु दिवा बदलला म्हणजे काटकसर झाली, असें समजूं नये. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८६५ सालींच दाखविलें कीं, वाफेचीं यंत्रें कोळसा कमी खाऊं लागलीं तेव्हां देशाचा कोळसा वांचला नाहीं, उलट अधिक खपूं लागला. कारण यंत्रें स्वस्त पडून वाढलीं. उजेडाचेंहि तसेंच आहे. वीज थोडी लागते म्हणून जेथें एक दिवा पुरे तेथें चार लागतात, कमानी व फलक रात्रभर झगमगतात, आणि बचत कोठल्या कोठें जाते.

उजेडाचा रंगहि पाहिला पाहिजे. २०१५ सालीं मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पांढरे एल. ई. डी. दिवे बसले, तेव्हां नागरिकांत मोठा वाद झाला, व पुढें तेथें पिवळसर झांकेचे दिवे आले. हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. निळसर पांढरा प्रकाश आकाशांत अधिक विखुरतो, व माणसाच्या झोपेसहि अधिक बाधक ठरतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकांसवें अंडीं घालतात. पिलें वाळूंतून निघालीं कीं उजळ क्षितिजाकडे धांवतात. नैसर्गिक काळोखांत तें क्षितिज समुद्राचें असतें. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले तर तीं बिचारीं उलट दिशेस जाऊन मरतात. याउलट, पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें काळोखें आकाश जपणारें भारतांतील पहिलें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे.

सारांश, खरी काटकसर चार गोष्टींत आहे: दिवा कमी विजेचा असावा; त्याचें तोंड जमिनीकडे असावें; उजेड पिवळसर व सौम्य असावा; आणि वर्दळ सरल्यावर तो मंद व्हावा. आणखी एक पांचवी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानितों. वांचलेली वीज लखलखत्या चौकांत पुन्हा उधळूं नये. ज्या गल्लींत अद्याप एकहि खांब नाहीं, तेथें ती प्रथम जावी.

विद्यार्थी मित्रहो, या सुटींत आपल्या वाडींतील दिवे मोजा. दिवसां जळणारे किती, बंद पडलेले किती, व अंधाऱ्या जागा कोणत्या, यांची यादी करा. मग वडिलांच्या साह्यानें तो कागद नगरपालिकेस अथवा ग्रामपंचायतीस द्या. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका खांबाखालीं शिकतां येतात.