जगज्जेतेपदाचा एक लुप्त किताब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्ज हॅकनश्मिट याने अमेरिकन मल्ल टॉम जेन्किन्स याला हरवून व्यावसायिक कुस्तीतील हेवीवेट गटाचे जे जागतिक अजिंक्यपद आपल्या नावे केले, त्याला आज कोणी धनी उरलेला नाही. त्याच्याविषयीच्या दंतकथा मात्र शाबूत आहेत, आणि त्यांतील एक तर आपल्या गामाच्या नावाशीच जोडलेली असल्यामुळे त्यांचा निवाडा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हा किताब एखादी मान्यताप्राप्त संस्था बहाल करीत असे.

वस्तुस्थिती : अशी संस्था नव्हती, आधीच्या जेत्याला जो हरवील तो नवा जेता, एवढीच काय ती वहिवाट होती. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागो येथे दोन तासांहून अधिक चाललेल्या झुंजीत फ्रँक गॉच याने हॅकनश्मिटला हार पत्करावयास लावली, तेव्हा वारसाहक्काचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु गॉच किताब न गमावताच निवृत्त झाला, त्या वेळी वारस ठरविणारे न्यायासनच नसल्यामुळे अनेक दावेदार पुढे सरसावले, आणि १९१५ साली ओमाहा येथे जो स्टेचर याने चार्ली कटलरला नमविल्यावरच त्या पदाला बहुमान्य धनी लाभला.

गैरसमज : गामाने हाच किताब जिंकला होता.

वस्तुस्थिती : १९१० साली लंडनमध्ये गामाने डॉ. बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला हरविले. त्यानंतर १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झ्बिस्को याच्याशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली, आणि पुन्हा ठरलेल्या लढतीस झ्बिस्को हजर न राहिल्याने ‘जॉन बुल’ या नियतकालिकाच्या नावाचा पट्टा गामास मिळाला. त्या पट्ट्याबरोबर जगज्जेता हे बिरुदही आले, हे खरे; परंतु प्रस्तुत किताबाचा धारक तेव्हा अमेरिकेत असलेला गॉच होता, आणि त्या दोघांची गाठ कधीही पडली नाही. यामुळे गामाच्या थोरवीला तिळमात्र उणेपणा येत नाही. ज्या झ्बिस्कोने पुढे १९२१ आणि १९२५ अशा दोन वेळा हे अजिंक्यपद भूषविले, त्यालाच १९२८ साली पतियाळा येथे गामाने एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले.

गैरसमज : १९११ साली गॉचशी पुन्हा ठरलेल्या झुंजीआधी भाडोत्री मल्लाकरवी हॅकनश्मिटचा गुडघा मोडण्यात आला होता, हे सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती : गॉचच्या पक्षपात्यांनी पाच हजार डॉलर देऊन अ‍ॅड सँटेल याच्याकडून हे कृत्य करविले, ही हकीकत सँटेलच्या तोंडून ऐकल्याचे सांगून लू थेझ या मल्लाने प्रसिद्ध केली. खुद्द हॅकनश्मिटने मात्र ही इजा सरावात डॉ. रोलरचा पाय लागून अपघाताने झाली असे नमूद केले आहे. ज्याचा गुडघा दुखावला त्याचीच साक्ष डावलून तिऱ्हाइताच्या हकीकतीला पुरावा मानणे न्यायाला धरून नाही.

गैरसमज : या किताबाच्या साऱ्या कुस्त्या नुरा होत्या, किंवा, याच्या उलट, साऱ्या निकाली होत्या.

वस्तुस्थिती : १९२० नंतर एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांच्या हाती व्यवसायाची सूत्रे एकवटली, तेव्हा निकाल आधी ठरविण्याचा प्रघात दृढ झाला. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी वेन मन या फुटबॉलपटूस, कुस्तीत तो कच्चा असताही, अजिंक्यवीर केले. परंतु १५ एप्रिल रोजी फिलाडेल्फिया येथे हरण्याच्या बोलीवर उतरलेल्या झ्बिस्कोने ती बोली मोडून मनला वारंवार चीत केले, आणि पंचांना किताब त्याला द्यावाच लागला. पुढे ३० मे रोजी सेंट लुईस येथे तो स्टेचरकडे गेला. ठरवून दिलेला किताब खऱ्या बळाने हिरावला जाऊ शकतो, याचा इतका स्पष्ट दाखला विरळा.

गैरसमज : अखेरच्या धारकाचा पराभव होऊन किताब संपला.

वस्तुस्थिती : अशी अखेरची कुस्ती झालीच नाही. निरनिराळे प्रांत व प्रवर्तक आपापला जगज्जेता जाहीर करू लागल्याने मूळ वंशावळीचे महत्त्व क्षीण होत गेले. जुलै १९४८ मध्ये आयोवातील वॉटर्लू येथे प्रवर्तकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली, आणि तिचा अजिंक्यवीर म्हणून १९४९ पासून लू थेझला मान्यता मिळाल्यावर जुना दावा नव्या पदात विलीन झाला.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती अशी, की कोणत्याही मल्लाच्या नावामागे जगज्जेता ही उपाधी दिसताच तो किताब कोणता, तो कोणी व कोणत्या साली दिला आणि त्यासाठी कोणाला हरविले गेले, हे विचारल्यावाचून ती स्वीकारू नये; खऱ्या मल्लाचा मान या चौकशीने कमी होत नाही, वाढतोच.